कोल्विट्झबाईंची छापील चित्रे

कमळावर उभी असलेली राजा रविवर्म्याची लक्ष्मी पाहिली नाही असा माणूस आपल्याकडे विरळा. देवघराच्या भिंतीवर, वाण्याच्या गादीमागे, कुठे ना कुठे ती दिसतेच. रविवर्म्याने मूळ चित्र काढले ते एकच. ते घरोघर पोचले छापखान्यातून. १८९४ साली मुंबईत त्याचा शिळाछापखाना निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथल्या दगडांवरून निघालेले देव साऱ्या हिंदुस्थानात पसरले.

नेमक्या त्याच वर्षांत तिकडे जर्मनीत, बर्लिन शहरात, एक तरुण बाई तसल्याच दगडावर तेलकट खडूने चित्र काढीत होती. त्या चित्रात देव नव्हते, कमळही नव्हते. होती एक अंधारी खोली, खोलीभर पसरलेला हातमाग, आणि आजारी लेकराच्या अंथरुणाशी दोन्ही हातांनी डोके धरून बसलेली आई. ह्या बाईंचे नाव केथे कोल्विट्झ. आज त्यांच्या छापील चित्रांविषयी, आणि ही चित्रे कोणकोणत्या धामधुमीतून निघाली त्याविषयी, चार गोष्टी सांगायच्या आहेत. चित्र काही रेडिओवरून दाखविता येत नाही. तेव्हा ते शब्दांनीच डोळ्यांपुढे उभे करावे लागेल. श्रोत्यांनी थोडे सांभाळून घ्यावे.

आधी छापील चित्र म्हणजे काय ते पाहू. त्याच्या मुख्य रीती तीन. पहिली लाकडाची. साडीवर किंवा जाजमावर नक्षी उठविणाऱ्याचा ठसा असतो ना, तसाच हा. गुळगुळीत फळीवर पटाशीने कोरायचे. कोरले ते कागदावर पांढरे उमटते, राहिले ते काळे. दुसरी रीत तांब्याच्या पत्र्याची. पत्र्याला मेणाचा पातळ लेप द्यायचा, सुईने लेप खरवडून चित्र काढायचे, मग पत्रा तेजाबात बुडवायचा. जिथे मेण निघाले तिथे तेजाब तांबे खाते. त्या खाचांत शाई भरून वर ओला कागद दाबला की केसाएवढी बारीक रेघही उमटते. तिसरी शिळाछापाची. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्याच गोष्टीवर ती चालते. दगडावर तेलकट खडूने चित्र काढून दगड ओला केला की शाई ओल्या जागी धरत नाही, रेघेवर तेवढी धरते.

तिन्ही रीतींचा गुण एकच : एका चित्राच्या अनेक प्रती निघतात आणि प्रत्येक प्रत अस्सल असते. तैलचित्र राजवाड्यात जाते आणि तिथेच राहते. छापील चित्र पोस्टाने जाते, पुस्तकात दडते, रात्री भिंतीवर चिकटते. सरकारने दहा प्रती जप्त केल्या तरी अकरावी कोणाच्या तरी ट्रंकेत राहतेच. ज्या काळात राजकारण तापलेले असते आणि माणसे रस्त्यावर आलेली असतात, त्या काळात चित्रकार ह्या कलेकडे का वळतात, हे एवढ्यावरून ध्यानात येईल. अर्थात नुसते ठसे करून भागत नाही, ते लोकांपुढे यावे लागतात. स्पेनच्या गोयाने नेपोलियनच्या स्वारीतील क्रौर्याची ऐंशीच्या आसपास चित्रे तांब्यावर कोरली, पण ती छापून प्रसिद्ध झाली १८६३ साली. गोया मरून तेव्हा पस्तीस वर्षे झाली होती.

असो. आपल्या बाईंकडे येऊ.

केथे यांचा जन्म १८६७ सालचा, पूर्व प्रशियातील केनिग्सबर्ग गावचा. हे गाव आता रशियात आहे आणि त्याचे नाव कालिनिनग्राड. वडील कायदा शिकलेले, पण त्यांची राजकीय मते सरकारला मानवण्यासारखी नव्हती, म्हणून न्यायखात्याची वाट सोडून ते गवंडीकाम शिकले आणि घरे बांधू लागले. मुलीचा चित्रकलेचा हात पाहून त्यांनीच तिला शिकविले. मुलींना कलेच्या सरकारी विद्यालयांची दारे बंद असण्याचे ते दिवस. तेव्हा बापाचा हा निश्चय लहान नव्हे. १८९१ साली केथे यांचे लग्न कार्ल कोल्विट्झ या डॉक्टरांशी झाले. डॉक्टरांचा दवाखाना बर्लिनच्या कामगार वस्तीत होता, आणि बाईंची चित्रे काढण्याची खोली त्याच घरात. सकाळपासून गिरणीतल्या, घरकाम करणाऱ्या, बाळंतपणाने खंगलेल्या बायका दवाखान्यात येत. डॉक्टरांना औषध विचारीत आणि डॉक्टरीणबाईंपाशी मन मोकळे करीत.

इथे बाईंनी स्वतःच कबूल करून ठेवलेली एक गोष्ट सांगतो, कारण ती मला फार प्रामाणिक वाटते. आरंभी आपण मजुरांची चित्रे काढू लागलो ती दयेपोटी नव्हे, असे त्या म्हणत. ती माणसे त्यांना देखणी वाटत. गोदीतल्या हमालाची ओझे उचलण्याची ढब, त्याचा मोकळा हात, ह्यांत त्यांना रूप दिसे. मध्यमवर्गातली माणसे त्यामानाने बेचव. दुःख कळले ते पुढे, दवाखान्याच्या दाराशी. पुष्कळदा असे सांगतात की कलावंताला प्रथम कळवळा येतो आणि मग तो चित्र काढतो. इथे डोळा आधी गेला, काळीज मागून गेले.

१८९३ च्या फेब्रुवारीत बाईंनी एक नाटक पाहिले. गेर्हार्ट हाउप्टमान या नाटककाराचे ‘विणकर’. पोलिसांनी त्याच्या जाहीर प्रयोगाला बंदी केली होती, म्हणून एका नाट्यमंडळाने तो फक्त आपल्या सभासदांसाठी केला. नाटकाचा विषय १८४४ चा, सायलेशिया प्रांतातला. तिथल्या डोंगराळ भागातले लोक घरोघर माग चालवीत. व्यापाऱ्याकडून सूत आणायचे, कापड विणून त्यालाच द्यायचे, आणि तो देईल ती मजुरी घ्यायची. आपल्याकडच्या हातमागवाल्याला ही पद्धत समजावून सांगायला नको. इंग्लंडातून यंत्रावरचे स्वस्त कापड येऊ लागले तशी व्यापाऱ्यांनी मजुरी कापली, आणि कापडात खोट काढून आणखी कापली. शेवटी ४ जूनला पेटर्सवाल्डाउ गावचे विणकर त्सवान्त्सिगर नावाच्या व्यापाऱ्याच्या वाड्यावर चालून गेले. त्यांनी माणसे मारली नाहीत. वाडा, हिशेबाच्या वह्या, सामान, ह्यांची मोडतोड केली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या लांगेनबिलाउ गावात सैन्याने गोळी चालविली. अकरा माणसे पडली. बंड मोडले.

नाटक पाहून बाई घरी आल्या आणि हातातले दुसरे काम त्यांनी बाजूला ठेवले. पुढली चार वर्षे त्या सहा चित्रांवर खपत होत्या. पहिली तीन दगडावरची : गरज, मृत्यू, मसलत. नंतरची तीन तांब्यावरची : विणकरांचा मोर्चा, वाड्यावरचा हल्ला, आणि शेवट. चौथ्या चित्रातल्या मोर्चात एक बाई पाठीवर झोपलेले मूल घेऊन चालली आहे. मान खाली. घोषणा देणारी माणसे पुढे आहेत, पण आपला डोळा जातो त्या झोपलेल्या पोराकडे. पाचव्यात वाड्याचे नक्षीदार लोखंडी फाटक आहे, आणि बायका रस्त्यातले दगड उपसून पुरुषांच्या हाती देत आहेत. वाड्यातला धनी कुठेच दिसत नाही. फाटकावरची ती वळणदार नक्षी तेवढी दिसते, आणि ती पुरते. सहाव्यात पुन्हा मागाची खोली. गोळी लागलेल्यांना आत आणून जमिनीवर ठेवताहेत. दाराशी एक बाई उभी आहे, हात खाली सोडून. ती रडत नाही.

१८९८ साली ही चित्रे बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात लागली. परीक्षकांनी बाईंना सुवर्णपदक द्यावे अशी शिफारस केली. त्यांत आडोल्फ मेन्त्सेल हा वयोवृद्ध, दरबारी मानमरातब असलेला चित्रकारही होता. बादशहा दुसरा विल्हेल्म याने शिफारस फेटाळली. पदक मिळाले ते पुढल्या वर्षी, ड्रेस्डेनला. बादशहाच्या घराण्याचा आणि बाईंचा आणखी एकदा सामना झाला, तोही सांगून टाकतो. १९०६ साली घरबसल्या मजुरी करणाऱ्यांविषयी बर्लिनमध्ये एक प्रदर्शन भरले. त्याच्या जाहिरातीवर बाईंनी काढलेला एका थकलेल्या मजूर बाईचा चेहरा होता. बादशहाच्या राणीने निरोप धाडला की हे चित्र भिंतींवरून निघाल्याखेरीज मी प्रदर्शनाला येणार नाही. एका चेहऱ्याला राणीसाहेब घाबरल्या म्हणायच्या!

त्यानंतरची माळ शेतकऱ्यांच्या युद्धाची. १५२४-२५ साली जर्मन शेतकरी जमीनदारांविरुद्ध उठले होते. त्यावरची ही सात चित्रे १९०८ पर्यंत पुरी झाली. सगळी सांगत बसत नाही, पण दोन सांगितल्यावाचून राहवत नाही. पहिल्या चित्रात नांगर आहे आणि नांगराला बैल नाहीत. दोन माणसे जुंपली आहेत. ती इतकी पुढे झुकली आहेत की अंग जवळजवळ जमिनीला समांतर झाले आहे. वर सपाट आभाळ, खाली सपाट रान, मध्ये ही दोन जनावरे झालेली माणसे. ज्याने औत धरले आहे त्याला हे चित्र माझ्यापेक्षा जास्त कळेल. दुसरे चित्र लढाई संपल्यानंतरचे. रात्र आहे. प्रेतांच्या खचात एक म्हातारी कंदील घेऊन वाकली आहे, आणि एका पोराची हनुवटी हाताने वर करून पाहते आहे. उजेड पडला आहे तो त्या हातावर आणि त्या चेहऱ्यावर, तेवढाच. हातावरच्या शिरा मुळांसारख्या दिसतात. हा आपला की दुसऱ्या कोणाचा, एवढे तिला पाहायचे आहे.

हे चित्र काढल्यानंतर काही वर्षांनी तोच प्रसंग त्यांच्या घरी आला.

१९१४ च्या ऑगस्टात महायुद्ध पेटले. बाईंना दोन मुलगे, हान्स आणि पेटर. धाकटा पेटर अठरा वर्षांचा. लढाईवर आपण होऊन जायचे तर त्याच्या वयाला बापाची संमती लागे, आणि बाप देईना. पोराने आईकडे पाहिले, आईने बापाचे मन वळविले. ऑक्टोबरात बेल्जियममध्ये पेटर पडला. ह्या गोष्टीचे ओझे बाईंनी पुढे जन्मभर वाहिले. मुलाचे स्मारक करायचे ठरविले त्याच वर्षी, आणि ते उभे राहिले १९३२ साली : दगडातले आईबाप, दोघेही गुडघ्यांवर, बाप स्वतःला हातांनी आवळून धरलेला, आई पुढे वाकलेली. मूर्तीत मुलगा नाही.

१९१८ च्या ऑक्टोबरात, युद्ध हरत आले असताना, रिखार्ड डेमेल नावाच्या नामांकित कवीने उरल्यासुरल्यांनी आपण होऊन सैन्यात जावे असे आवाहन केले. बाईंनी वर्तमानपत्रातून त्याला उत्तर दिले. पुष्कळ मेले, आता आणखी कोणी मरू नये, असा त्यांचा सांगावा होता. आणि शेवटी त्यांनी गटे या महाकवीच्या एका वचनाचा आधार घेतला. त्याचा आशय असा की बियाण्यासाठी राखलेले धान्य दळायचे नसते. पेरणीचे बी जात्यात घालणारे घर पुढच्या साली काय खाणार, हे आपल्या खेड्यातल्या म्हातारीलाही ठाऊक असते.

युद्ध संपले, बादशहा पळाला, आणि बर्लिनमध्ये घरातल्या घरात लढाई जुंपली. १९१९ च्या जानेवारीत डाव्या कामगारांचा उठाव झाला, तो चिरडला गेला, आणि १५ जानेवारीला त्यांचे पुढारी कार्ल लीब्क्नेख्त आणि रोझा लुक्सेंबुर्ग यांना पकडून ठार मारण्यात आले. लीब्क्नेख्तच्या घरच्यांनी बाईंना बोलाविले. अंत्ययात्रेच्या दिवशी सकाळी बाई शवागारात गेल्या आणि त्यांनी त्या चेहऱ्याची रेखाटने केली.

आता गंमत अशी की बाई लीब्क्नेख्तच्या पक्षाच्या नव्हत्या. त्याचे राजकारण त्यांना पटत नव्हते. रक्तपाताला तर त्या विटल्याच होत्या. मग हे चित्र काढायचा त्यांना अधिकार काय? हा प्रश्न इतरांनी विचारला आणि त्यांनी स्वतःलाही विचारला. त्यांनी काढलेले उत्तर असे : त्याच्या मागे गेलेल्या हजारो मजुरांचा शोक मी डोळ्यांनी पाहिला, तो शोक चित्रात उतरविण्याचा अधिकार मला आहे, त्यासाठी त्याच्या मताचे असलेच पाहिजे असे नाही. मला वाटते, ह्या जागी पुष्कळ चित्रकार घसरतात. पक्षाचे झाले की चित्राची पताका होते, आणि अलिप्त राहिले की चित्र थंड होते. बाई मधल्या अवघड पायवाटेने गेल्या.

पण चित्र काही जमेना. तांब्यावर करून पाहिले, दगडावर करून पाहिले. बारीकसारीक तपशील फार होत. १९२० साली एका प्रदर्शनात एर्न्स्ट बार्लाख या मूर्तिकाराची लाकडी ठशाची चित्रे त्यांच्या पाहण्यात आली आणि वाट सापडली. बाई तेव्हा बावन्न-त्रेपन्न वर्षांच्या. त्या वयात नवी पटाशी हाती घेतली. लाकूड फार बोलू देत नाही. काळे की पांढरे, एवढेच ते विचारते. त्यामुळे जे नको ते आपोआप गळाले आणि चित्र उरले ते असे : खाली आडवे, पांढऱ्या कफनातले प्रेत, वर वाकलेल्या मजुरांची काळी रांग. एकाचा भला मोठा राकट हात मयताच्या छातीवर टेकलेला. उजवीकडे एक बाई आपल्या तान्ह्याला हे पाहता यावे म्हणून पुढे करते आहे. कुठे निशाण नाही, मूठ वळलेली नाही.

लाकडाचे हे बळ सापडल्यावर बाईंनी सात ठशांत आपले युद्ध सांगितले. ते १९२३ च्या सुमाराला प्रसिद्ध झाले. त्यात रणांगण नाही, बंदूक नाही. पहिल्यात आई आपले तान्हे दोन्ही हातांनी उंच करून देते आहे, जणू नैवेद्य. दुसऱ्यात मृत्यू ढोलके वाजवीत पुढे चालला आहे आणि पोरे बेभान होऊन त्याच्यामागे. मृत्यूला सगळ्यांत लागून असलेले पोर म्हणजे पेटर. मग आईबाप, विधवा, एकमेकींना कवळून मुलांभोवती कडे करून उभ्या राहिलेल्या आया. त्याच सुमारास बाईंनी दगडावरून मोठमोठी भित्तिपत्रके काढली : उपाशी पोरांसाठी भाकर मागणारी, आणि १९२४ साली लाइपझिगच्या युवकमेळाव्यासाठी ‘पुन्हा युद्ध नको’ असे बजावणारे, उजवा हात आभाळाकडे उगारलेल्या तरुणाचे.

१९३३ साली हिटलर आला. त्याच्याविरुद्ध डाव्या पक्षांनी एक व्हावे अशा आवाहनावर सही केली म्हणून बाईंना कलेच्या अकादमीतून बाहेर पडावे लागले. ह्या अकादमीत १९१९ साली निवडून गेलेल्या त्या पहिल्या स्त्री. १९३६ मध्ये गुप्त पोलीस घरी येऊन छळछावणीची धमकी देऊन गेले. प्रदर्शनातून चित्रे उतरविण्यात आली. १९४२ च्या आरंभी, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी आपले शेवटचे शिळाछाप काढले. एक म्हातारी आई तीन पोरांना आपल्या अंगरख्याखाली ओढून धरते आहे. पोरे खट्याळ, बाहेर डोकावताहेत, आणि तिचे हात छपरासारखे वर पसरले आहेत. नाव तेच, चोवीस वर्षांपूर्वी वर्तमानपत्रात लिहिलेले, बियाण्याच्या दाण्यांचे. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचा नातू रशियात मारला गेला. त्याचेही नाव पेटर. १९४३ मध्ये बाँबहल्ल्यात घर गेले, घरातले पुष्कळ ठसे आणि चित्रे गेली. २२ एप्रिल १९४५ ला, युद्ध संपायला थोडे दिवस उरले असताना, बाई वारल्या.

पण चित्रे बाईंच्या आधीच दूरदेशी पोचली होती. चीनचे थोर लेखक लू शुन यांनी ती मागवून घेतली होती. १९३१ च्या फेब्रुवारीत शांघायला काही तरुण लेखकांना सरकारने गोळ्या घातल्या. त्यांत रौ शी हा लू शुन यांचा शिष्यासारखा मित्र होता. शोकलेख छापण्याची सोय नव्हती. तेव्हा त्यांनी एका नव्या मासिकात कोल्विट्झबाईंचे, तान्हे उंच करून देणाऱ्या आईचे चित्र छापले. ज्यांना समजायचे त्यांना समजले. त्याच ऑगस्टात त्यांनी शांघायला तेरा विद्यार्थ्यांचा सहा दिवसांचा लाकडी ठशांचा वर्ग भरविला. शिकवायला एक जपानी शिक्षक, आणि दुभाष्याचे काम स्वतः लू शुन करीत. चीनमध्ये लाकडी ठसा हजार वर्षांहून जुना. पण जुन्या पद्धतीत चित्र काढणारा एक, कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा. इथे तिघांचे काम एकाच हाताने करायचे होते. पैसा लागत नव्हता. फळी, पटाशी, शाई, कागद, आणि दाबायला यंत्र नसेल तर चमचादेखील चाले. त्या तेरा जणांपासून निघालेली चळवळ जपानी आक्रमणाच्या काळात गावोगाव पसरली. १९३६ साली, मृत्यूपूर्वी काही महिने, लू शुन यांनी बाईंच्या निवडक चित्रांचे पुस्तक स्वतःच्या खर्चाने काढले.

आणि तिथून ही वाट आपल्या देशात येते. चिनी ठसे आणि कोल्विट्झबाईंची चित्रे बंगालच्या तरुण चित्रकारांच्या हाती पडली, त्या वेळी बंगाल पेटलेला होता. १९४३ च्या दुष्काळात लाखो माणसे मेली. तीस लाखांपर्यंत आकडा सांगतात. चित्तप्रसाद भट्टाचार्य हे कलाशाळेत न शिकलेले चित्रकार मिदनापूर जिल्ह्यातून फिरले आणि त्यांनी उपाशी माणसांची शाईची रेखाटने व हकीकत मिळून ‘भुकेला बंगाल’ अशा अर्थाच्या नावाचे इंग्रजी पुस्तक केले. ते मुंबईत छापले. इंग्रज सरकारने त्याच्या प्रती जप्त करून जाळल्या. त्यांच्याहून धाकटे सोमनाथ होर १९४६ मध्ये उत्तर बंगालात तेभागा चळवळीत हिंडले. पिकाचा निम्मा नव्हे, एक तृतीयांश वाटा जमीनदाराला आणि दोन तृतीयांश कुळाला, ही ती मागणी. होर यांनी तिथे रोजनिशी ठेवली, शेतकऱ्यांची चित्रे काढली, आणि त्यांवरून लाकडी ठसे केले.

चित्तप्रसाद पुढे मुंबईलाच राहिले, अंधेरीत. स्वातंत्र्यानंतर लवकरच पक्षाशी त्यांचे जमेनासे झाले. त्यांनी पक्ष सोडला, पण पटाशी सोडली नाही. लाकडापेक्षा स्वस्त आणि मऊ म्हणून ते फरशीवर घालायच्या लिनोलियमच्या तुकड्यावर कोरीत. १९५०-५२ च्या सुमारास त्यांनी कामाला जुंपलेल्या मुलांची चित्रमाला केली : हमाली करणारे पोर, बूटपॉलिश करणारे पोर, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन खपणारी पोर. परीकथा ज्यांच्या वाट्याला आल्या नाहीत असे देवदूत, अशा अर्थाचे नाव त्यांनी तिला दिले. इथल्या कोणा प्रकाशकाने नव्हे, तर डेन्मार्कच्या युनिसेफ समितीने १९६९ मध्ये ती पुस्तकरूपाने काढली. शाळामास्तरांनी ती मिळवून जरूर पाहावी. त्यातल्या पोरांचे डोळे मोठे आहेत, काळ्याभोर जागेत कोरलेले, आणि ती आपल्याकडे मागणे मागत नाहीत. आपापल्या कामात आहेत.

१९७८ साली चित्तप्रसाद कलकत्त्याला वारले. जाळलेल्या त्या दुष्काळाच्या पुस्तकाची एक प्रत मात्र त्यांच्या घरच्यांनी जपून ठेवली होती. २०११ साली दिल्लीच्या एका कलादालनाने तिच्यावरून हुबेहूब तशीच आवृत्ती पुन्हा छापली.